वहिवाट

जुना महजर हाती आला की मी तो शेवटाकडून वाचायला घेतो. कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवून केलेली लांबच लांब पट्टी, त्यावर मोडीतली गर्दी, वर शिक्का, मध्ये भांडणाची सगळी हकीकत. तळाशी मात्र अक्षरे संपतात आणि चित्रे सुरू होतात. देशमुखाची कट्यार, पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, सुताराचे किंकरे, महाराचा विळा. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपापल्या कामाचे हत्यार कागदावर काढले आणि सांगितले की आम्ही हजर होतो, आमच्यासमोर हे झाले. महजर हा शब्दच हजर या शब्दाच्या घरातला आहे.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रात कायदा कुठे राहत होता, असे कोणी विचारले तर मी या निशाण्यांकडे बोट दाखवीन. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची मिताक्षरा टीका होत्या, त्या जाणणारे शास्त्री होते. छत्रपतींच्या अष्टप्रधानांत न्यायाधीश होता. पण पाटीलकी कोणाची, विहिरीचे पाणी कोणी कधी घ्यायचे, शीव ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, थोरल्या घराचा मान कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे पोथीत नव्हती. ती गावाच्या आठवणीत होती. पूर्वीपासून कसे चालत आले आहे, एवढा एकच प्रश्न सभेपुढे असे आणि त्याच्या उत्तराला वहिवाट म्हणत. ज्या वाटेने पाणी वाहते, माणसे जातात, ती वाट.

या सभेचे नाव गोतसभा. गोत म्हणजे फक्त भाऊबंद नव्हेत. गावचा पाटील, कुळकर्णी, शेटे, बलुतेदार, आजूबाजूच्या गावांचे मोकदम, परगण्याचे देशमुख-देशपांडे, कुठे काजी, कुठे मुलाणी, असे सारे मिळून गोत होई. त्यांच्या जोडीला सरकारी अंमलदार, म्हणजे दिवाण, बसत. वादाला दोन बाजू असत. ज्याने तक्रार आणली तो अग्रवादी आणि ज्याच्यावर आणली तो पश्चिमवादी. दोघांकडून पहिल्यांदा राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हटले की नोकरी सोडल्याचा कागद डोळ्यांपुढे येतो, पण तेव्हाचा राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख होता. या ठिकाणी, या पंचांसमोर जो निवाडा होईल तो मला मान्य, असे दोघे लिहून देत आणि त्याला जामीन देत. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यायाचा अधिकार वरून येण्याआधी तो भांडणाऱ्या दोघांच्या कबुलीतून घेतला जाई. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापल्या बाजूच्या हकीकती. मग पुरसीस, म्हणजे उलटसुलट प्रश्न. मग साक्षी. साक्षीदाराला नदीत उभे करत, हातावर बेलभंडार ठेवत, खोटे बोललास तर तुझ्या बेचाळीस पूर्वजांचे काय होईल याची आठवण देत. निवाडा झाला की हरलेला यजितखत लिहून देई, म्हणजे मी हरलो, यापुढे हे भांडण उकरणार नाही असा कबुलीलेख. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी.

वकील त्यात नव्हता. मुद्रांक नव्हता. पण हे सगळे सोपे आणि गोड होते असे कोणी समजू नये. एकाच पाटीलकीचे भांडण दोन-तीन पिढ्या चालल्याचे कागद आहेत. एका थळी हरलेला दुसऱ्या थळी जाई, राज्य बदलले की जुना वाद नव्या अंमलदारापुढे नव्याने उभा राही. आणि जिथे गावाची आठवण संपे तिथे दिव्य सुरू होई. उकळत्या तेलातुपाच्या कढईत धातूचा रवा टाकायचा आणि वाद्याने तो हाताने बाहेर काढायचा. त्याआधी त्याची नखे काढत, हात धुऊन त्यावरच्या जुन्या खुणा टिपून ठेवत. दिव्यानंतर हात पिशवीत घालून वर मोहर करत, त्या माणसावर पहारा ठेवत आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमोर पिशवी उघडत. हात चांगला असेल तर तो खरा. भाजला असेल तर वतन गेले. ज्या सभेत इतक्या काळजीने तकरिरी आणि पुरसिशी होत, तिचा शेवट असा कढईत होई हे वाचताना अंगावर काटा येतो. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दिव्य हा पहिला उपाय नव्हता. कागद नाही, साक्ष नाही, किंवा साक्ष दोन्हीकडून सारखीच, अशा वेळीच सभा तिकडे वळे.

पेशवाईतल्या न्यायाची गोष्ट निघाली की आपण रामशास्त्री प्रभुण्यांपाशी जातो, आणि ते योग्यच आहे. माहुलीचा हा माणूस १७५९ पासून पुण्याच्या न्यायाधीशाच्या जागेवर होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला आणि त्याचा दोष रघुनाथरावांवर येतो असे कळल्यावर रामशास्त्र्यांनी गादीवर बसलेल्या माणसाला देहान्त प्रायश्चित्त सांगितले व पुणे सोडले. पुढे बारभाईंच्या, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, राज्यात ते परत त्याच जागेवर आले. १७८९ साली ते वारले. सत्तेपुढे न वाकणारा न्यायाधीश आपल्या इतिहासात आहे ही ठेव मोठी आहे. पण एका रामशास्त्र्यामुळे गावोगावचा न्याय चालत नव्हता, आणि तो नसल्यामुळे थांबतही नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या गेल्या. मक्तेदार वसुलीबरोबर न्यायही करू लागला आणि पैसे घेऊन करू लागला. वरचा मजला असा कुजला, तरी खाली पंचायती बसतच होत्या.

हे चित्र ज्याने परक्या डोळ्यांनी पण नीट पाहिले तो माणूस म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८११ पासून तो पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली त्या दिवशी तो बंगला जाळला गेला आणि त्याबरोबर त्याची पुस्तके व कागदपत्रेही गेली. तीन महिन्यांत सातारचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि ११ फेब्रुवारी १८१८ रोजी त्याने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावाचे राज्य संपले, वतने-इनामे चालतील, धर्मात हात घातला जाणार नाही, असा त्याचा आशय. जूनमध्ये बाजीराव शरण आला आणि ब्रह्मावर्ताकडे गेला. आता एवढ्या मुलखाचा न्याय कसा करायचा?

बंगालात कंपनीने या प्रश्नाचे उत्तर १७७२ सालीच देऊन ठेवले होते. वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेत लग्न, वारसा, जात अशा बाबतींत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लावायचे ठरले. न्यायालयात पंडित आणि मौलवी नेमले. म्हणजे कायदा पोथीत आहे असे तिथे गृहीत धरले गेले. एल्फिन्स्टनला ते पटले नाही. पुणे, नगर, खानदेश, सातारा आणि धारवाड इथल्या अंमलदारांकडून त्याने माहिती मागवली. पुण्यात कॅप्टन रॉबर्टसन होता, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, साताऱ्यात ग्रँट डफ, दक्षिणेत चॅप्लिन. १८१९ च्या ऑक्टोबरात त्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दलचा आपला अहवाल पाठवला. त्यात पंचायतीवर सविस्तर लिहिले आहे आणि तिचे दोष झाकलेले नाहीत. पंच यायला कांकू करतात, त्यांना बोलावण्याची सक्ती नाही, काम रेंगाळते, निवाड्याची अंमलबजावणी सरकारच्या मर्जीवर राहते. लोकांचे स्वतःचे उपायही त्याने टिपले. त्यात तगादा होता. सावकार ऋणकोच्या दारात स्वतः बसे किंवा माणूस बसवी, त्याला बाहेर जाऊ देत नसे, कधी जेवू देत नसे. आज आपण कोणी तगादा लावला म्हणतो तेव्हा त्या दारातल्या माणसाचीच आठवण काढत असतो.

एवढे सगळे दोष मांडून त्याने कौल पंचायतीच्या बाजूने दिला. या व्यवस्थेखाली देश नांदत होता, लोकांना ती आपली वाटते, म्हणून ती मोडू नये, तिच्यातले वाईट काढावे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि पुढच्या आठ वर्षांत त्याने आपली कायद्याची संहिता तयार करवून घेतली. १८२७ सालचे हे सत्तावीस नियम म्हणजेच एल्फिन्स्टन कोड. त्यातल्या चौथ्या नियमाच्या सव्विसाव्या कलमात न्यायाधीशाने कोणता कायदा लावायचा याचा क्रम दिला आहे. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारचे नियम. ते नसतील तर वाद जिथे उपजला त्या मुलखाची वहिवाट. वहिवाट आढळली नाही तर प्रतिवादीचा कायदा. आणि यातले काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक.

हे कलम आपल्या इतिहासातल्या मोठ्या दस्तऐवजांत धरले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. बंगालात पोथी पुढे आली. मुंबई इलाख्यात वहिवाट पोथीच्या पुढे बसली. नांगर-कट्यार-मोगरीच्या निशाण्यांना परक्या सरकारच्या संहितेत जागा मिळाली. विसाव्या शतकातल्या निकालांतही या कलमाचा आधार घेतला जात होता.

वहिवाट लावायची तर ती आधी कळायला हवी. म्हणून आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातीजातींचे रिवाज विचारून लिहून काढले. लग्न, पाट, काडीमोड, दत्तक, वारसा, जातीबाहेर टाकणे आणि परत घेणे. त्याचे पुस्तक १८२७ सालीच निघाले. त्याच वर्षी बोराडेल याने नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर छापले. हे नीलकंठ काशीत राहिले तरी त्यांचे घराणे मूळ पैठणचे, आणि गुजरात व उत्तर कोकणात त्यांच्या ग्रंथाला फार मान होता. स्टीलच्या पुस्तकाचा उपयोग आजही आहे. ब्राह्मणेतर जातींत विधवेचा पाट लागत होता, नवरा-बायको सुटी होत होती, हे त्यात सरळ लिहिलेले आहे. पण एक गोष्ट विसरता येत नाही. जातीचा रिवाज काय, असे विचारले की जातीतले पुढारी बोलतात. ज्या बाईचा पाट लागायचा, ज्या बाईची काडी मोडायची, तिला कोणी विचारले नाही. आणि वहिवाट एकदा छापली की ती थांबते. गोतसभेत बसलेल्या माणसाला पूर्वीचे थोडे विसरता येत होते, काळाप्रमाणे थोडे वाकवता येत होते. छापील पानाला ते जमत नाही.

पंचायत मात्र टिकली नाही. संहितेत लवादासाठी वेगळा नियम होता, पण पंच बसवायला लागणारी माणसे हळूहळू येईनाशी झाली. पुढे दख्खनचा कमिशनर झालेल्या चॅप्लिनच्या काळापासूनच तक्रारी होत्या. मला यात फारसे गूढ वाटत नाही. पंचाच्या शब्दामागे पूर्वी देशमुख-पाटलाचे वजन होते, गावाने वाळीत टाकण्याचे भय होते. ते वजन कलेक्टर-मामलेदाराकडे गेले. मुनसफाचा, म्हणजे सरकारी दिवाणी न्यायाधीशाचा, हुकूमनामा निघाला की बेलिफ येऊन घरावर जप्ती लावतो, पंचांचा निवाडा झाला तर तो मानायचा की नाही हे हरणाऱ्यावर. शिवाय मुनसफाच्या वर अपील आहे. पैसेवाला माणूस पंचांपुढे कशाला बसेल? राजीनामा लिहून देण्याची गरजच उरली नाही, कारण आता समन्स येत होते.

कोर्टांनी वहिवाटीचे काय केले, याची तीन उदाहरणे सांगतो. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन समाजाचा दावा आला. मुली म्हणत होत्या की आम्ही मुसलमान, कुराणाप्रमाणे बापाच्या मालमत्तेत आमचा हिस्सा आहे. समाज म्हणत होता की आमच्यात हिंदूंप्रमाणे मुलींना वारसा न देण्याची चाल आहे. सर अर्स्किन पेरी यांनी चाल मान्य केली आणि मुली हरल्या. १८६४ साली, म्हणजे मुंबईचे हायकोर्ट १८६२ मध्ये स्थापन झाल्यावर थोड्याच काळात, गुजरातच्या तळपदा कोळी समाजातल्या बाईचे प्रकरण आले. त्या जातीत नवऱ्याच्या संमतीवाचून बाई त्याला सोडून दुसरे लग्न करू शकत होती. हायकोर्टाने ही चाल अनीतीची ठरवून नाकारली. आणि १८६८ मध्ये त्याच हायकोर्टाने ठरवले की मराठी मुलखातल्या विधवेला नवऱ्याच्या किंवा भाऊबंदांच्या परवानगीशिवाय दत्तक घेता येतो, कारण इथली तशी वहिवाट आहे. बंगालात नवऱ्याची आज्ञा लागे, मद्रासेकडे ती नसेल तर सपिंडांची संमती लागे.

या तिन्ही निकालांत एकच सूत्र शोधायला गेले तर ते सापडत नाही. वहिवाट बाईला कधी देत होती, कधी तिच्याकडून घेत होती. जिथे देत होती तिथे न्यायाधीशाला ती कधी पटे, कधी त्याच्या इंग्रजी नीतीला खुपे. विश्वनाथ नारायण मंडलिकांसारखे विद्वान वकील याच काळात मयूखाचे भाषांतर करत होते आणि लोकांची चाल व पोथीचा अर्थ यांतले अंतर कोर्टापुढे मांडत होते. कोर्टांतले शास्त्री १८६४ च्या कायद्याने गेले. त्यांनी वर्षानुवर्षे दिलेली उत्तरे वेस्ट आणि ब्यूलर यांनी ग्रंथात गोळा केली. म्हणजे शास्त्र्यांची जागा पुस्तकाने घेतली.

पण या सगळ्याची सर्वांत मोठी किंमत शेतकऱ्याने दिली.

आपल्याकडे दामदुपटीची चाल फार जुनी. व्याज साठत साठत मुदलाएवढे झाले की थांबायचे, एका वेळी दुपटीपेक्षा जास्त मागायचे नाही. स्मृतींतही हा नियम आहे आणि मुंबईची कोर्टेही हिंदूंच्या व्यवहारात तो मानत होती. १८५५ मध्ये सरकारने व्याजाच्या दरावरची बंधने काढली तरी दामदुपट राहिली. मग ती शेतकऱ्याला का वाचवू शकली नाही? याचे उत्तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. साध्या रोख्यावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर दावा बुडे. हेतू असा की सावकाराने जुने कागद काढून माणसाला छळू नये. घडले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार कुणब्याला बोलावून जुना रोखा फाडी आणि मुद्दल अधिक व्याज मिळून नवा रोखा लिही. जुने व्याज आता नव्या कागदात मुद्दल म्हणून बसे. दामदुपट नव्याने मोजायला सुरुवात होई. शेतकरी अंगठा उठवी, कारण पुढच्या पेरणीला बियाणे हवे असे. आणि मुनसफापुढे कागद हाच पुरावा. कुणबी अनेकदा हजरच होत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. ज्या माणसाच्या नांगराच्या निशाणीने गावचा निवाडा पक्का होत असे, त्याच्याच अंगठ्याने त्याचे शेत जात होते.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस ठिणगी पडली. काळूराम सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने तेव्हा आपले जुने हत्यार बाहेर काढले. सावकारांशी व्यवहार बंद, त्यांच्याकडे कामाला जायचे नाही, त्यांची हजामत करायची नाही, पाणी भरायचे नाही. गोतसभा मोडली होती पण वाळीत टाकण्याची रीत गाव विसरले नव्हते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की लोकांना मुख्यतः कागद हवे होते. रोखे, खते, हुकूमनामे. कागद मिळाले की ते जाळायचे आणि परतायचे. सावकाराने कागद दिले तर त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. कोणी शिकवल्याशिवाय त्या लोकांना कळले होते की आपला छळ कशातून होतो.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे त्याखाली आले. न्यायाधीशाने कागदावर थांबू नये, पहिल्या देण्यापासूनचा सगळा व्यवहार उकलून पाहावा, अशी त्याला आज्ञा झाली. दाव्याआधी समेट घडवणारे नेमले, गावमुनसफ नेमले, शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची सक्ती झाली, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायमूर्ती रानडे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून तालुक्यातालुक्यांतून फिरले. त्याआधी पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, स्वतःची लवाद कोर्टे काढून पाहिली होती. तकरीर, पुरसीस, पंच यांच्याकडे परत जाण्याची ही धडपड होती. कायदा करणाऱ्यांनी ती थोडीफार ऐकली एवढे म्हणता येईल.

आता त्या विळ्याच्या निशाणीकडे येतो.

शिवेच्या भांडणात महाराची साक्ष अखेरची मानत. गावची हद्द त्याच्याएवढी कोणाला माहीत नव्हती. तो पुढे चालेल ती शीव. महजराच्या तळाशी त्याची खूण असे, पण सभेत तो दूर उभा असे आणि गावच्या पाण्यावर त्याचा हात नव्हता. ही सुद्धा वहिवाटच होती. एल्फिन्स्टनच्या कलमाने ज्या वहिवाटीला मान दिला त्यात ही आपोआप आत आली होती.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यांच्यावर हल्ला झाला, नंतर तळ्याची शुद्धी झाली. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यातले म्हणणे काय होते? तळे आमच्या खासगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी त्यावर न येण्याची पूर्वापार वहिवाट आहे. २५ डिसेंबरला सुरू झालेल्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, बाबासाहेबांनी तळ्यावर न जाता मनाई हुकूम पाळायचा निर्णय घेतला, आणि लढाई कोर्टात नेली. ज्या शब्दावर गोतसभा उभी होती, ज्या शब्दावर १८२७ ची संहिता उभी होती, तोच शब्द आता एका मोठ्या समाजाला पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी कोर्टात मांडला गेला होता, आणि पश्चिमवाद्याच्या जागेवर स्वतः बॅरिस्टर आंबेडकर उभे होते.

दहा वर्षे दावा चालला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने तो फेटाळला, अपिलातही तेच झाले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने शेवटचा निकाल दिला. तळे वादींच्या खासगी मालकीचे असल्याचे सिद्ध झाले नाही. आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आल्याचेही वादींना दाखवता आले नाही. न्यायालयाने ती चाल अन्यायाची आहे असा सिद्धान्त मांडला नाही, वहिवाट सिद्ध करण्याची जुनी कसोटीच तिला लावली आणि ती त्या कसोटीला उतरली नाही. माझ्या मते या निकालाचे मोल त्यातच आहे. वहिवाट म्हणजे कोणीतरी सांगितलेली गोष्ट नव्हे, ती पुराव्याने दाखवावी लागते, आणि जो समाज शतकानुशतके साक्षीला उभा होता तो आता तिचा पुरावा मागू शकतो, हे महाडच्या दाव्याने ठरवले.

बारा वर्षांनी राज्यघटना लिहून झाली, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष त्या दाव्यातले प्रतिवादी होते. घटनेच्या तेराव्या अनुच्छेदात कायदा या शब्दाची व्याख्या आहे. अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना यांच्या ओळीत तिथे रूढी आणि परिपाठ हे शब्द आहेत, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला घटनेपूर्वीचा कायदा तेवढ्यापुरता २६ जानेवारी १९५० पासून शून्य आहे.

त्या व्याख्येत वहिवाट आजही कायदा आहे. पाण्यापासून माणसाला दूर ठेवणारी वहिवाट त्या तारखेपासून कायदा नाही.